तुरुंगात मळलेले रबर

दहा-बारा वर्षे धावलेली सेदान गाडी गतिरोधकावरून उतरताना पुढच्या चाकापाशी धप्प असा आवाज करू लागते. ब्रेक लावताच ती किंचित एका बाजूला ओढते, टायरची एकच कड झिजते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. गॅरेजमध्ये मिस्त्री गाडी वर उचलतो, लोअर आर्मच्या सांध्यात टॉमी घालून थोडी हलवतो आणि दोष दाखवतो. आतली लोखंडी नळी आणि बाहेरचे लोखंडी कडे यांच्या मधले काळे रबर भेगाळून लोखंडापासून सुटलेले असते. यालाच गॅरेजच्या भाषेत बुश म्हणतात. वस्तू मुठीत मावेल एवढी. पण ती बदलण्याची वेळ आली की मालकापुढे प्रश्न उभे राहतात. मूळ कंपनीचेच बुश घ्यावे, की बाजारात कमी किमतीत मिळणारे? रबराचेच घ्यावे, की अधिक टिकते असे सांगून पुढे केले जाणारे रंगीत पॉलियुरेथेनचे?

या प्रश्नांच्या मुळाशी जाऊ लागलो की एका विलक्षण आयुष्याशी गाठ पडते. ते आयुष्य चार्ल्स गुडइयर यांचे. गुडइयर यांनी मोटार कधी पाहिली नाही. कार्ल बेंझ यांना त्यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले ते १८८६ मध्ये. गुडइयर त्याआधी पाव शतक निवर्तले होते. तरीही आज रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीच्या सांध्यासांध्यांत त्यांच्या श्रमांचे फळ दडलेले आहे. रबर किती मऊ असावे, किती कडक असावे आणि ते आतपर्यंत पक्के झाले आहे हे कसे ओळखावे, या प्रश्नांसाठी त्यांनी आपले आरोग्य, घरदार आणि कुटुंबाचे सुख पणाला लावले.

अवजारांच्या दुकानातून रबराकडे

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा गुडइयर हे कल्पक कारागीर. बटणे आणि शेतीची सुधारित अवजारे बनवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. किशोरवयातच चार्ल्स यांना लोखंडी सामानाचा व्यापार शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला पाठवण्यात आले. परतल्यावर ते वडिलांचे भागीदार झाले. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोन वर्षांनी त्यांनी फिलाडेल्फियात अवजारांचे दुकान थाटले. त्या काळात अमेरिकेत अशा वस्तू प्रामुख्याने इंग्लंडहून येत. स्वदेशी अवजारे विकणारे हे दुकान सुरुवातीला चांगले चालले.

पण उधारीचा पसारा वाढत गेला आणि वसुली होईना. त्यातच प्रकृतीने दगा दिला. १८३० च्या सुमारास व्यवसाय कोसळला. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्यापेक्षा एकेक देणे फेडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. निर्णय प्रामाणिकपणाचा होता. पण कर्जदाराला तुरुंगात टाकण्याची पद्धत तेव्हा सर्रास चालू होती. पुढच्या दहा वर्षांत गुडइयर यांना कर्जापायी कितीदा तरी गजाआड जावे लागले. तुरुंग त्यांच्या इतक्या परिचयाचा झाला, की पुढे त्यांचे काही प्रयोगही तिथेच झाले.

१८३४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले असता रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात शिरले. बुडणाऱ्या माणसाला तरंगत ठेवणारे रबरी जीवरक्षक साधन तिथे मांडलेले होते. त्याची हवा भरण्याची झडप त्यांना सदोष वाटली. काही दिवसांनी सुधारित झडप तयार करून ते पुन्हा त्या दुकानात गेले. व्यवस्थापकाने झडपेचे कौतुक केले. मात्र दुखणे झडपेचे नसून रबराचेच आहे, हे सत्यही त्यांच्या कानावर घातले. विकलेला माल उन्हाळ्यात वितळून परत येत होता आणि कंपनी बुडण्याच्या बेतात होती. रबराला जो कोणी टिकाऊ करील, त्याचे भाग्य उजळेल, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता. तेहतीस वर्षांच्या गुडइयर यांनी तो मनावर घेतला. रसायनशास्त्राचे कोणतेही शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते.

उन्हाळ्यात चिखल, हिवाळ्यात दगड

रबर ही युरोपला तोवर नवलाईची वस्तू होती. दक्षिण अमेरिकेतील झाडांचा चीक वाळवून ते बनते. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पेन्सिलीचे लिखाण या पदार्थाने खोडता येते अशी नोंद केली होती. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कोटाचे कापड तयार केले. अमेरिकेत १८३० नंतर रबरी बूट, टोप्या आणि कोट यांची लाट आली, कारखाने उभे राहिले, भागभांडवल गोळा झाले. पण कच्च्या रबराचा स्वभाव विचित्र. कडक थंडीत ते दगडासारखे ताठ होई आणि उन्हाळ्यात चिकट, दुर्गंधी चिखल होऊन जाई. एका हिवाळ्यात विकलेले बूट पुढच्या उन्हाळ्यात ओळखू येईनासे होत.

याचे कारण आज शाळकरी विद्यार्थ्यालाही सांगता येते. रबर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या एकमेकींना कोठेही बांधलेल्या नसतात. ऊब मिळाली की त्या एकमेकींवरून घसरतात आणि पदार्थ पातळ होतो. थंडीत त्या जागीच थिजतात. गुडइयर यांच्या काळात रेणूंची ही कल्पना कोणापाशीच नव्हती. त्यामुळे जे हाती लागेल ते रबरात कालवून पाहणे एवढाच मार्ग त्यांना उपलब्ध होता.

फिलाडेल्फियाला परतताच कर्जापायी त्यांना पुन्हा अटक झाली. तुरुंगातच त्यांनी कच्चे रबर मागवून घेतले, पत्नीचे लाटणे आणवले आणि पोळीची कणीक तिंबावी तसे रबर तिंबायला सुरुवात केली. रबराचा चिकटपणा कोरडी भुकटी शोषून घेईल, असा त्यांचा तर्क होता. मॅग्नेशियाच्या भुकटीने रबर पांढरेशुभ्र आणि कोरडे झाले. या मिश्रणाचे शेकडो जोड बूट घरातच पत्नी आणि मुली यांच्या मदतीने तयार झाले. पण उन्हाळा आला आणि ते सारे लगद्यात जमा झाले. नंतर त्यांनी चुना वापरून पाहिला. काही काळ तो लागू पडला. पण सौम्य आम्लाचा, फळाच्या रसाचासुद्धा थेंब पडला की रबर पुन्हा चिकट होई. शेजाऱ्यांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या. घरातले सामान सावकाराकडे जाऊ लागले. कुटुंबाला दुसरीकडे ठेवून गुडइयर न्यूयॉर्कमध्ये एका खोलीत प्रयोग करीत राहिले.

वरवरची यशे

१८३६ मध्ये एका शोभेच्या रबरी तुकड्यावरचा ब्राँझचा रंग काढण्यासाठी त्यांनी नायट्रिक आम्ल लावले. तुकडा काळा पडला म्हणून तो फेकून दिला. पुढे तोच तुकडा आठवून शोधला, तेव्हा आम्ल लागलेला भाग कोरडा आणि गुळगुळीत झालेला दिसला. या प्रक्रियेचे पेटंट त्यांना १८३७ मध्ये मिळाले. बंद खोलीत आम्लाच्या वाफा कोंडून काम करताना एकदा तर त्यांचा जीव जाता जाता वाचला. भागीदार मिळाला, कारखान्याची जागा मिळाली, माल विकला जाऊ लागला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आर्थिक मंदीने भागीदाराला धुऊन नेले. गुडइयर कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या एका ओसाड रबर कारखान्यात राहू लागले. खाडीतले मासे हाच त्या दिवसांत त्यांचा आधार होता.

तरीही रबराचा नाद सुटला नाही. डोक्यावर रबराची टोपी, अंगात रबराचा कोट, पायांत रबराचे बूट अशा वेशात ते हिंडत. खिशात रबराचे पाकीट असलेला, पण त्या पाकिटात एक सेंटही नसलेला माणूस दिसला तर तोच गुडइयर समजावा, अशी त्यांची थट्टा होत असे.

पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये गेल्यावर वोबर्न येथील नॅथॅनिअल हेवर्ड या कारागिराशी त्यांची ओळख झाली. हेवर्ड रबराला गंधक चोळून ते उन्हात वाळवीत. त्याने पृष्ठभागाचा चिकटपणा जाई. गुडइयर यांनी ही पद्धत विकत घेतली. याच सुमारास सरकारकडून दीडशे टपालपिशव्यांची मागणी आली. पिशव्या तयार झाल्या, रंगाने आणि आकाराने त्या इतक्या देखण्या होत्या की त्या लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवल्या गेल्या. गुडइयर काही आठवडे बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो उबदार खोलीत टांगलेल्या पिशव्यांचे बंद तुटलेले आणि रबर विरघळू लागलेले. प्रक्रियेचा परिणाम वरच्या पापुद्र्यापुरता होता. आतले रबर होते तसेच कच्चे राहिले होते.

ही फजिती गुडइयर यांना सर्वांत महाग पडली. उरलेसुरले पाठीराखे दुरावले. पण रबराच्या इतिहासात या फसलेल्या पिशव्यांना मोठे स्थान आहे. रबराची परीक्षा त्याच्या तुळतुळीत पृष्ठभागावर होत नाही, ती उष्णता, भार आणि काळ यांच्याच हाती असते, हा धडा त्या पिशव्यांनी दिला.

शेगडीवर करपलेला तुकडा

१८३९ च्या हिवाळ्यात वोबर्न येथे गुडइयर यांच्या हातून गंधकमिश्रित रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता; प्रत्यक्षात तो चामड्यासारखा करपला. पाहणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. गुडइयर यांचे लक्ष मात्र करपलेल्या भागाच्या कडेला गेले. फार तापलेला भाग जळाला होता, कमी तापलेला कच्चा होता. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टी अशी होती, की जिथे रबर ना जळाले होते ना चिकट राहिले होते. तो तुकडा त्यांनी रात्रभर बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तितकाच लवचीक होता.

या घटनेला केवळ योगायोग म्हणणे गुडइयर यांना कधीच मान्य नव्हते. झाडावरून पडणारे सफरचंद अनेकांनी पाहिले, अर्थ मात्र त्याचाच शोध घेणाऱ्या न्यूटनला लागला, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले. ते रास्तच होते. पाच वर्षे जो माणूस रबराशिवाय दुसरा विचार करीत नव्हता, त्यालाच त्या अरुंद पट्टीचा अर्थ कळू शकला.

खरी कसोटी यानंतर सुरू झाली. गंधक किती, उष्णता किती, आणि किती वेळ? एकीकडे थोडे चुकले तर रबर कच्चे, दुसरीकडे चुकले तर जळके. गुडइयर यांनी पत्नीच्या पाव भाजण्याच्या भट्टीत तुकडे भाजले, किटलीच्या वाफेवर धरले, कारखानदारांच्या भट्ट्या काही तासांसाठी मागून घेतल्या. अखेर दाबाखालच्या वाफेत सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानाला चार ते सहा तास ठेवल्यास रबर सर्वत्र सारखे पक्के होते, या निष्कर्षापर्यंत ते पोहोचले.

या शोधाची किंमत कुटुंबाने मोजली. मुलांची शाळेची पुस्तके विकली गेली. हॉटेलचे पाच डॉलरचे देणे भागवता न आल्याने त्यांना बोस्टनमध्ये तुरुंगात जावे लागले. त्याच दिवसांत एक कोवळे मूल दगावले आणि त्याच्या अंत्यविधीसाठीही घरात पैसे नव्हते. क्लॅरिसा यांनी या सगळ्यात घर कसे चालवले असेल, याची कल्पनाच करावी लागते. मेव्हणे विल्यम डी फॉरेस्ट यांनी वेळोवेळी दिलेल्या पैशांवर काम पुढे सरकले. १५ जून १८४४ रोजी गुडइयर यांना ३६३३ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले.

आजच्या भाषेत त्या भट्टीत घडत होते ते असे. उष्णतेमुळे गंधकाचे अणू रबराच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. साखळ्या ताणल्या जातात, पण पूल त्यांना पुन्हा मूळ जागी ओढून आणतात. पूल थोडे असतील तर रबर मऊ आणि लवचीक राहते. फार झाले तर ते लाकडासारखे टणक होते. चार्ल्स यांचे बंधू नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये भरपूर गंधक घालून अशाच कडक रबराचे, म्हणजे एबोनाइटचे, पेटंट घेतले. मऊ आणि कडक ही एकाच पदार्थाची दोन टोके आहेत. उपयोगानुसार मधली नेमकी जागा शोधणे हेच रबर कारागिराचे कौशल्य ठरले.

पदक तुरुंगात

शोध लागला, पण ऐश्वर्य आले नाही. पेटंट हाती येण्याआधीच, १८४२ मध्ये, स्टीफन मोल्टन नावाचे इंग्रज गृहस्थ गुडइयर यांच्या रबराचे नमुने घेऊन इंग्लंडला गेले होते. तिथल्या कारखानदारांनी हा शोध विकत घ्यावा, अशी खटपट होती. त्यातले काही तुकडे थॉमस हँकॉक यांच्या हाती पडले. रबर मळण्याचे यंत्र १८२० मध्येच तयार करणारे हँकॉक हे कसलेले जाणकार. तुकड्यांच्या पृष्ठभागावर आलेली गंधकाची पिवळसर पूड त्यांच्या नजरेतून सुटली नाही. स्वतंत्र प्रयोग करून त्यांनी नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये अर्ज दाखल केला; गुडइयर यांचा तिथला अर्ज काही आठवडे उशिरा पोहोचला. या प्रक्रियेला रोमन अग्निदेवता व्हल्कन याच्यावरून व्हल्कनायझेशन हे नाव हँकॉक यांचे मित्र विल्यम ब्रॉकडन यांनी सुचवले. गुडइयर यांच्या शोधाचे बारसे असे परक्यांच्या घरी झाले. इंग्लंडमधला खटला गुडइयर १८५५ मध्ये हरले.

मायदेशात परिस्थिती थोडी बरी होती. पेटंटचे उल्लंघन करणारे होरेस डे यांच्याविरुद्धचा खटला १८५२ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे चालला. गुडइयर यांच्या बाजूने उभे होते डॅनिएल वेबस्टर. ते तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. १५,००० डॉलर हे त्यांचे शुल्क त्या काळी डोळे दिपवणारे होते. निकाल गुडइयर यांच्या बाजूने लागला. पण त्यांनी परवाने अल्प मोबदल्यात दिले होते. पैसा कमावला तो परवानाधारकांनी. हाती आलेली रक्कमही गुडइयर नव्या प्रयोगांत आणि प्रदर्शनांत उधळीत. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात त्यांनी भिंती, फर्निचर, दागिने असे सारे रबराचेच असलेले दालन उभारले. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनातही त्यांनी असाच थाट केला.

क्लॅरिसा १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये वारल्या. पुढच्या वर्षी गुडइयर यांनी फॅनी वॉर्डेल यांच्याशी दुसरा विवाह केला. फ्रान्समध्ये पेटंट रद्द ठरले, उत्पन्न थांबले आणि डिसेंबर १८५५ मध्ये पॅरिसमध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. प्रदर्शनातील सुवर्णपदक आणि सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेला लीजन ऑफ ऑनर हा बहुमान त्यांच्यापर्यंत पोहोचला तो याच कोठडीत.

अमेरिकेत परतल्यावरही प्रकृती सावरली नाही. १८५८ मध्ये पेटंटला सात वर्षांची मुदतवाढ मिळाली, पण कर्ज फिटले नाही. १८६० च्या उन्हाळ्यात मुलगी अत्यवस्थ असल्याचे कळताच ते न्यू हेवनला निघाले. वाटेत न्यूयॉर्कमध्येच १ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. मुलीची भेट झाली नाही. त्यांच्या नावावर तेव्हा सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. १८९८ मध्ये ॲक्रन येथे स्थापन झालेल्या टायर कंपनीने त्यांचे नाव सन्मानाने घेतले. त्या कंपनीशी त्यांचा किंवा त्यांच्या कुटुंबाचा काहीही संबंध नव्हता.

नमुन्यांपासून गाडीच्या बुशपर्यंत

नमुने घेऊन गेलेले स्टीफन मोल्टन यांनी १८४८ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी स्वतःचा रबर कारखाना काढला. पुढे रेल्वेच्या डब्यांसाठी रबराच्या स्प्रिंगा हा त्या घराण्याच्या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग झाला. याच घराण्यातले पणतू ॲलेक्स मोल्टन यांनी १९५९ मध्ये बाजारात आलेल्या मिनी या छोट्या गाडीसाठी पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू वापरणारे सस्पेन्शन तयार केले. गुडइयर यांच्या तुकड्यांपासून सुरू झालेला धागा असा थेट मोटारीच्या चाकापर्यंत जातो.

दरम्यान मोटारींत रबराने आणखी एक जागा पटकावली होती. सुरुवातीच्या गाड्यांचे सस्पेन्शनचे सांधे धातूवर धातू घासत फिरत. त्यांना वारंवार ग्रीस द्यावे लागे, धूळ आणि पाणी शिरले की ते झिजत आणि खडखडत. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने इंजिन रबरावर तोलून धरण्याची पद्धत आणली आणि गाडीच्या थरथराटाला रबर हे उत्तर आहे हे सर्वांना दिसले. सांध्यांतही हळूहळू रबरी बुश आले. लोखंडाला चिकटवून पक्क्या केलेल्या अशा बुशमध्ये काहीच घासत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबरच पीळ खाते आणि पुन्हा पूर्ववत होते. गंधकाचे पूल इथे दर खड्ड्याला कामी येतात.

मात्र हे पूल चिरंजीव नाहीत. उष्णता, हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांनी रबर म्हातारे होते. ते टणक होते, भेगाळते. गळक्या इंजिनाचे तेल लागले तर नैसर्गिक रबर फुगून भुसभुशीत होते. म्हणूनच कमी धावलेल्या, पण जुन्या गाडीचेही बुश जातात. अंतराबरोबर वर्षेही मोजावी लागतात.

निवड करताना

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. बहुतेकांची समजूत असते की कडक ते टिकाऊ आणि टिकाऊ ते चांगले. गुडइयर यांची पाच वर्षे ही समजूत खोडण्यातच गेली. लोअर आर्मचे मागचे बुश अनेक गाड्यांत मुद्दाम मऊ ठेवलेले असते, काहींत रबरात पोकळ्याही सोडलेल्या असतात. चाक खड्ड्यावर आदळले की ते किंचित मागे सरकावे आणि धक्का केबिनपर्यंत येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुढचे बुश त्यामानाने कडक असते, कारण चाकाची दिशा त्याने सांभाळायची असते. हा समतोल गाडीच्या अभियंत्यांनी ठरवलेला असतो.

पॉलियुरेथेनचे बुश सर्वसाधारणपणे रबरापेक्षा कडक असते. तेलाला ते दाद देत नाही, स्टिअरिंगला तत्पर प्रतिसाद मिळतो. शर्यतीच्या किंवा हौशी चालकाच्या गाडीला ते शोभते. पण बहुतेक वेळा ते लोखंडाला चिकटवलेले नसून नळीवर फिरते. त्यामुळे त्याला ठरावीक सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते वाळले की किरकिर सुरू होते. रस्त्याचा थरथराट आत येतो आणि जो धक्का रबराने पचवला असता तो जुन्या गाडीच्या पत्र्याच्या सांध्यांवर पडतो. घरच्यांना घेऊन शहरातून आणि घाटातून जाणाऱ्या वयस्क सेदानला मूळ कठीणतेचे रबरी बुशच मानवते. आवाज चालत असेल आणि काटेकोर हाताळणी हवी असेल, तरच पॉलियुरेथेनचा विचार करावा.

रबरी बुश घेताना टपालपिशव्यांची आठवण ठेवावी. नवे बुश पुडीतून काढल्यावर सारीच काळी आणि चकचकीत दिसतात. आतले रबर किती पक्के आहे, लोखंडाला किती घट्ट धरून आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून गाडीच्या कंपनीचे किंवा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या उत्पादकाचे बुश पत्करावे. पुडीवर उत्पादनाची तारीख असेल तर ती वाचावी. वर्षानुवर्षे दुकानाच्या फळीवर पडलेले रबरही म्हातारेच असते. बॉल जॉइंटही ढिला झाला असेल तर संपूर्ण आर्म बदलणे पुष्कळदा हिशोबात बसते. आर्म चांगला असेल तर जुने बुश प्रेसवर काढून नवे बसवता येते. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाने वेगळी वागते.

शेवटचे पथ्य सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. चिकटवलेल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. चाकांवर गाडीचे वजन आल्यावर, आर्म नेहमीच्या स्थितीत असताना ते आवळावेत. तसे न केल्यास रबर कायमच पिळलेले राहते आणि उत्तम बुशही लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट तपासून घ्यावी. रबरावर तेल किंवा साधे ग्रीस मात्र मुळीच लावू नये.

गुडइयर यांच्या आयुष्याचा हिशोब मांडताना मन द्विधा होते. एका माणसाच्या ध्यासासाठी पत्नीने आणि मुलांनी एवढे भोगावे काय, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. पैशाच्या तराजूत ते अखेरपर्यंत उणेच राहिले. परंतु आपल्या कामाची किंमत पैशांत मोजणे त्यांना स्वतःलाही पसंत नव्हते. त्यांनी जगाला दिलेले रबर आज दिसण्याच्या जागी फारसे नसते. ते दोन लोखंडांच्या मध्ये निमूट बसून धक्के खाते, आणि जोवर ते आपले काम नीट करीत असते तोवर कोणाला त्याची आठवणही होत नाही.